सुंदर अक्षराची शाळा

चिखलीहून धाडकडे जाणाऱ्या रस्त्याला कै. रामरावबापू निवासी मूकबधिर विद्यालय आहे. त्या शाळेतल्या पोरांइतकं सुंदर अक्षर पंचक्रोशीत कुणाचं नाही. संस्थेचे अध्यक्ष भगवानराव सर हे प्रत्येक भाषणात सांगतात, आणि तरीही ते खरं आहे. लग्नसराईत आसपासच्या गावांतून पत्रिकांचे गठ्ठे नावं घालायला तिथं येतात. यादी द्यायची, चहा प्यायचा, पत्रिका घेऊन जायचं. कागदावर जे असेल ते तसंच्या तसं उतरतं. एका साली कुणाच्या तरी जावयानं यादी करताना घोटाळा केला आणि अमृतमहोत्सवाच्या दीडशे पत्रिकांवर उत्सवमूर्तींच्या नावामागे 'कैलासवासी' पडलं. आजोबांनी समजुतीनं घेतलं. म्हणाले, "पण अक्षर पाहा ना बाप्पा. कसं मोत्यासारखं."

शाळेतले इंग्रजीचे शिक्षक धम्मदीप इंगळे यांना या मोत्यांचा राग होता.

धम्मदीपला राग तसा लहानपणापासूनचा. त्याची आई बनाबाई जन्मापासून बहिरी, आणि याच शाळेच्या पहिल्या तुकडीची विद्यार्थिनी. घरातलं सगळं बोलणं हातांनी. तोंडानं बोलायला लागायच्या आधी धम्मदीप हातांनी भांडायला शिकला होता. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, एसटीच्या खिडकीवर लोक आईशी बोलायचे ते सहा वर्षांच्या धम्मदीपकडे बघून. आणि शेवटी न चुकता विचारायचे, "शिकेल आहे काय रे तुही माय?"

आई शिकलेली होती. चांगली आठ वर्षं. तिच्या वह्या ट्रंकेत जपून ठेवलेल्या होत्या; मराठी, गणित, इंग्रजी, सगळं छापल्यासारखं. धम्मदीपला इंग्रजी वाचता येऊ लागलं तेव्हा त्यानं तिच्या वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, याचा अर्थ काय? बनाबाईनं दोन्ही तळवे पसरले. म्हणजे, कोण जाणे. मग हवेत बोटानं एक वळणदार अक्षर काढून तिनं हसत मान डोलावली. म्हणजे, पण छान आलंय की नाही?

हे आठवलं की धम्मदीपची कानशिलं अजून तापायची. बहिऱ्या मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घेऊन, चार ठिकाणची नोकरी सोडून, तो मुद्दाम याच शाळेत मानधनावर लागला होता. सूड घ्यायचा म्हणून. कुणावर घ्यायचा ते ठरायचं होतं.

शाळेत हातवारे करायला बंदी होती. पोरांना ऐकू येत नाही हे संस्थेला मान्य होतं, पण म्हणून त्यांनी बोलून दाखवू नये हे मान्य नव्हतं. धम्मदीप वर्गाचं दार लावून घ्यायचा आणि हातांनी शिकवायचा. पहिले दोन महिने त्यानं पुस्तकातलं इंग्रजी शिकवलं. हे गुलाबाचं फूल आहे. हा पोपट आहे. पोरांनी फूल आणि पोपट सुंदर अक्षरात उतरवून घेतले आणि विसरून गेली. चूक त्यांची नव्हती. पोपटाबद्दल कुणाला काही म्हणायचंच नव्हतं.

मग एके दुपारी छकुली जेवणाचं ताट घेऊन तरातरा वर्गात आली. धाडच्या बाजारात बांगड्यांचं दुकान लावणाऱ्या उकंडरावांची ही पोरगी. सुंदर अक्षराच्या शाळेतलं सगळ्यांत सुंदर अक्षर हिचं, आणि सगळ्यांत वाईट स्वभावही हिचाच. तिनं ताट टेबलावर आपटलं, भातातला खडा उचलून धम्मदीपच्या वहीवर ठेवला आणि हातांनी म्हणाली, "याला इंग्रजीत काय म्हणतात?"

धम्मदीपनं फळ्यावर लिहिलं. छकुलीनं ते बघितलं आणि विचारलं, "भात? रोज? स्वयंपाकीण? आंधळी?"

त्या दिवशी धम्मदीपला त्याची शिकवायची पद्धत सापडली. लोखंडी पेटीला फट पाडून त्यानं ती वर्गात टांगली. तक्रार करायची असेल तर चिठ्ठीवर, इंग्रजीत आणि स्वतःच्या मनातलं. कुठून उतरवलेली चिठ्ठी परत मिळेल. महिन्याभरात पेटी भरू लागली. पहिल्या चिठ्ठ्या दोनतीन शब्दांच्या असायच्या: डाळ पाणी, खडा भात, झोप ढेकूण. मग वाक्यं आली. मग वाक्यांत 'कारण' आणि 'तरीसुद्धा' आले. दोन वर्षांत, दहावीला येईपर्यंत, अकरा पोरांचा तो वर्ग तक्रारीच्या जोरावर अशा इंग्रजीपर्यंत पोचला होता की शेजारच्या गावातल्या इंग्लिश मीडियमच्या पोरांना दम लागला असता.

यात सगळ्यांत जास्त शिकली ती स्वयंपाकीण बेबीताई. ती रोज वर्गाच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"आज काय लिवलं माह्याबद्दल?"

"मीठ कमी, ताई."

"कुठी लिवलं? दाखवा. हे? हे मीठ होय?" ती चिठ्ठी उलटसुलट करायची. "अन् काल तं हेच लिवेल होतं त्या प्रज्वलनं, तवा तुम्ही म्हणे जास्ती. एका पोट्ट्याले कमी, एका पोट्ट्याले जास्ती, म्या काय प्रत्येकाच्या जिभीवर मीठ टाकत फिरू काय?"

सहा महिन्यांत बेबीताईला मीठ, डाळ, खडा आणि अंडं हे चार इंग्रजी शब्द नुसत्या आकारावरून ओळखू येऊ लागले. अंडं तर लांबूनही.

नोव्हेंबरच्या अखेरीस भगवानराव सरांनी धम्मदीपला कार्यालयात बोलावलं. भगवानराव वाईट माणूस नव्हते. धम्मदीपची खरी अडचण तीच होती. पांढरे कपडे, कपाळाला अष्टगंध, पोरांना स्वतःच्या हातानं जिलबी वाढायचे. वस्तू जपण्याचा मात्र भारी नाद. त्यांच्या मोटरसायकलच्या सीटवर दुकानातलं प्लास्टिक नऊ वर्षांनंतरही होतं. सगळ्या कपाटांच्या किल्ल्या शर्टाच्या वरच्या खिशात असायच्या आणि बोलताबोलता ते खिशावर थाप मारून किल्ल्या असल्याची खात्री करून घ्यायचे. पोरांनी हातांच्या भाषेत त्यांचं नावच ते पाडलं होतं: छातीवरच्या खिशावर दोन थापा, की भगवानराव सर.

"बस बे धम्मदीप. चहा घे," सर म्हणाले. "यंदा दहावीच्या पोरायचं इंग्रजी काढून टाकू."

"काऊन सर? कशापायी?"

"सवलत आहे ना बाप्पा. एक भाषा कमी करता येते. सरकार देऊन राह्यलं तं आपल्याले घ्यायले काय होते? इंग्रजीच्या तासाले चित्रकला ठेवू. निकाल शंभर टक्के."

"सवलत ज्याले पाहिजे त्याच्यासाठी आहे. या पोरायले नाही पाहिजे."

"त्यायले काय समजते काय पाहिजे अन् काय नाही? देवाची लेकरं ती."

"विचारलं काय कोणी त्यायले?"

"हे पाह्य, तू तापू नको. पाच तारखेले अर्ज गेले पाहिजेत. चार तारखेले मी सोता फळ्यावर नमुना लिवून देतो, पोरं उतरवून घेतील, झालं काम. अन् तीन तारखेले दिव्यांग दिन, पुण्याच्या कंपनीवाले येऊन राह्यले. त्यायची पत्रं तेवढी तयार ठेव." त्यांनी ड्रॉवरमधून प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद काढला. खिशावर थाप मारली. "अन् तुह्या नोकरीच्या मान्यतेची फाइल माह्याचपाशी आहे बरं. धमकी नाही देत. आठवण देतो."

पत्रांची ही प्रथा जुनी. कंपनीनं सात वर्षांपूर्वी पोरांना कानाची मशीनं दिली होती. प्रत्येकाच्या कानाचं माप घेऊन, कानात बसणारा साचा तयार करून, नावानिशी डबीत घालून. तेव्हापासून दर वर्षी पोरं कंपनीला इंग्रजीत आभाराची पत्रं लिहीत. फळ्यावर दुसऱ्या कुणा शिक्षकानं लिहिलेला नमुना, खाली ज्याचं त्याचं नाव. धम्मदीपकडे हे काम यंदा पहिल्यांदाच आलं होतं.

धम्मदीपनं तो कागद घरी नेला. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर वाचायला घेतला आणि चौथ्या ओळीला थांबला. मग उठून ट्रंक उघडली. आईची इंग्रजीची वही काढली. पानं चाळली. सापडलं.

तेच पत्र होतं. शब्दाशब्दानं तेच. आईच्या वहीत ते परदेशातल्या कुठल्याशा मिशनला होतं, एवढाच फरक. 'मी इथे खूप हॅपी आहे. मला दररोज दूध आणि एक अंडं मिळतं. आमच्याकडे थंडी फार असते, पण तुमच्या ब्लँकेटमुळे मला गाढ झोप लागते.' अडतीस वर्षांत शाळेनं त्यात एकच भर घातली होती: 'तुमच्या मशीनमुळे मला पक्ष्यांचं गाणं ऐकू येतं.' ब्लँकेटची ओळ काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. कंपनीनं एकही ब्लँकेट दिलेलं नव्हतं, आणि सात वर्षांत कंपनीतूनही कुणी विचारलं नव्हतं की बाबा, ही कुठली ब्लँकेटं?

समोर बनाबाई लसूण सोलत बसली होती. तिनं मान उडवली. काय झालं?

धम्मदीपनं वही तिच्यापुढे धरली आणि पहिल्यांदाच त्या ओळींचा अर्थ हातांनी सांगितला. दूध. रोज अंडं. ब्लँकेट. गाढ झोप. बनाबाई एकेक हात नीट बघत होती. शेवटी तिनं लसणाची पाकळी खाली ठेवली.

"ब्लँकेट एक होतं," ती म्हणाली. "चार मुलींत." मग वहीकडे बोट करून, "हे मी लिहिलं?"

धम्मदीपनं खालच्या तिच्या नावावर बोट ठेवलं. तिनं वही घेतली, आपल्या नावावर बोट फिरवलं आणि वही बंद करून उशीर झाल्यासारखी भराभर लसूण सोलू लागली.

सोमवारी धम्मदीपनं नमुना फळ्यावर लिहिला, तसं अकराही जणांनी सवयीनं पेनं उचलली.

"पेन खाली," धम्मदीप म्हणाला. "आधी वाचा."

पोरांनी वाचलं. दूध आलं तेव्हा कुणी तरी हसलं. रोज अंडं आलं तेव्हा प्रज्वलनं पोट धरून बाकावर लोळण घेतली. अंडं रविवारी मिळायचं. ब्लँकेट आलं तेव्हा पोरं एकमेकांच्या अंगावर नसलेली ब्लँकेटं पांघरू लागली. पक्ष्यांचं गाणं आलं आणि हात थांबले.

मशीनं कपाटात होती. पोरं हरवतील, आंघोळीत भिजवतील, भांडणात तोडतील म्हणून भगवानरावांनी ती आल्याच्या आठवड्यातच डब्यांत घालून कुलूपबंद केली होती. वर्षातून एकदा, तीन तारखेला, ती पुसून पोरांच्या कानांवर चढायची. सेल काढून ठेवलेले, कारण सेल उगाच वाया जातो. मशीनं सात वर्षं नवी कोरी राहिली होती. कान मात्र वाढले होते. नऊ वर्षांच्या छकुलीच्या कानाच्या मापाचा साचा सोळा वर्षांच्या छकुलीच्या कानात बसत नव्हता, म्हणून मशीन रिबिनीनं वेणीला बांधावं लागायचं. मुलांची टोपीत खोचायची.

छकुली उठून फळ्यापाशी आली. 'मी' या शब्दावर तिनं बोट ठेवलं. "हा कोण?"

"खाली ज्याचं नाव असेल तो."

"दर वर्षी माझं नाव असतं."

"हो."

"सात वर्षं मी खोटं बोलले?" तिचे हात आता तोफेसारखे चालत होते. "मला विचारलं नाही. सांगितलं नाही. माझ्या हातानं खोटं बोलवून घेतलं, आणि वर म्हणतात, शाब्बास, छान अक्षर!"

धम्मदीपनं ठरवलं होतं की आपण शांतपणे समजावून सांगायचं. त्याऐवजी त्यानं पिशवीतून आईची वही काढली आणि ते पान उघडून पहिल्या बाकावर ठेवलं. अकरा डोकी वहीवर वाकली. फळा बघितला, वही बघितली. पुन्हा फळा.

"हे अक्षर कुणाचं?" छकुलीनं विचारलं.

"माझ्या आईचं."

छकुलीनं डस्टर घेतलं आणि पूर्ण पत्र पुसून टाकलं. मग जागेवर जाऊन कोरा कागद ओढला. धम्मदीपला आपल्या मान्यतेची फाइल आठवली. त्यानं ती आठवण बाजूला सारायचा प्रयत्न केला. ती गेली नाही, पण कोपऱ्यात जाऊन बसली. पोरं दोन तास लिहीत होती. अडला शब्द विचारायला येत होती. छकुली एकदाच आली. 'रिबिन'ला काय म्हणतात ते विचारायला.

दोन तारखेला भगवानरावांनी अकरा कागद अंगठ्यानं फर्रर्र केले. इंग्रजीशी त्यांचं दुरूनच नमस्काराचं नातं होतं.

"वा! अक्षर झकास. पण यंदा पत्र लांबलं काय बे थोडं?"

"हाव सर. यंदा पोरायले जास्ती आभार वाटले."

तीन तारखेला शाळेच्या भिंतीला लागून मंडप, पताका, स्पीकर, वर्गातून आणलेला फळा. ऐकू न येणाऱ्या पोरांच्या शाळेत स्पीकरचा आवाज नेहमीच चढा असतो. पुण्याच्या कंपनीतून एक मॅडम आल्या होत्या, सोबत फोटोवाला. पोरांच्या कानांवर मशीनं बांधून झाली होती. दारात बेबीताई, शेवटच्या खुर्चीवर पाहुणी म्हणून बनाबाई. आमची जुनी विद्यार्थिनी म्हणून तिचा सत्कार ठरला होता.

पत्रं मॅडमच्या हातात पडली. त्यांनी पहिलं पाहिलं, दुसरं पाहिलं.

"ओह, किती नीट! बघा ना, प्रिंट काढल्यासारखं!" त्या फोटोवाल्याला म्हणाल्या. "असं धरते, अक्षर दिसेल असं घे हं."

तिसरं पाहिलं, चौथं पाहिलं. पाहिलंच. धम्मदीप भिंतीला टेकून त्यांच्या डोळ्यांकडे बघत होता. डोळे कागदावरून फिरत होते, पण ओळीवरून चालत नव्हते. वाचणारे डोळे कसे चालतात ते त्याला चांगलं ठाऊक होतं. दोन वर्षं तेच तर तो बघत आला होता. मॅडमनी सगळी पत्रं नीट जुळवून शेजारच्या खुर्चीवर ठेवून दिली.

छकुलीही बघत होती. ती उठली, गठ्ठ्यातून आपलं पत्र काढलं, मॅडमच्या हातात दिलं आणि दुसऱ्या हातात खडू. मग फळ्यावर बोट आपटलं.

"काय म्हणतेय ही?" मॅडमनी विचारलं.

"ती म्हणते, उतरवून काढा," धम्मदीप म्हणाला. "आमच्या शाळेत असंच शिकवतात."

"हाऊ क्यूट!" मॅडम म्हणाल्या, पदर खोचला आणि फळ्याकडे वळल्या. मंडपात टाळ्या पडल्या. फोटोवाला गुडघ्यावर बसला.

मॅडम मोठ्या अक्षरात, खेळकरपणे लिहू लागल्या. छकुली शेजारी हातात पट्टी घेऊन उभी होती आणि एकेका ओळीखाली पट्टी धरत होती.

'प्रिय कंपनी, माझं नाव छकुली. हे पत्र मी लिहिलं आहे. आधीची सात पत्रं मी लिहिली नव्हती. ती फक्त माझ्या हातानं लिहिली होती.'

टाळ्या चालू होत्या. मॅडमचा खडू किंचित मंदावला.

'मशीन कपाटात राहतं. कपाट कुलपात राहतं. किल्ली भगवानराव सरांच्या खिशात राहते.'

भगवानरावांना पूर्ण ओळीत एक शब्द वाचता आला, तो स्वतःचं नाव. फळ्यावर, कंपनीच्या मॅडमच्या हस्ते, एवढ्या मोठ्या अक्षरात! ते उठून उभे राहिले आणि त्यांनी चारही दिशांना हात जोडले. इंग्रजी येणारे दोन शिक्षक टाळ्या थांबवून आपापल्या चपला बघू लागले. सर जोरात टाळ्या वाजवत होते.

'अंडं रविवारी असतं.'

"अंड्याचं काय लिवलं वो?" दारातून बेबीताईचा आवाज आला. "माह्यावर नका घालू. म्या मिळते तेवढीच उकडतो!"

'ब्लँकेट आम्ही पाहिलेलं नाही. थंडी असते, तेवढं खरं आहे. आज मशीन माझ्या कानावर आहे. रिबिन सोडून बघा.'

मॅडम थांबल्या. छकुलीनं पट्टी वाजवली नाही की काही नाही. फक्त मान तिरकी करून कान पुढे केला. मॅडमनी रिबिनीचं टोक ओढलं. मशीन त्यांच्या तळहातावर पडलं. सात वर्षांचं, चकचकीत, आणि अजून पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं.

"सर," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "कपाटाची किल्ली असते का तुमच्याकडे?"

"हाव! कायम," भगवानराव अभिमानानं म्हणाले आणि त्यांनी खिशावर दोन थापा मारल्या.

सगळी पोरं खदाखदा हसली. सरांनी भर मंडपात पोरांच्या भाषेत आपलं नाव सांगितलं होतं. शेवटच्या खुर्चीवर बनाबाईही हसत होती, मोठ्यानं, तिला ठाऊक नसलेल्या आवाजात.

"वापरलं की खराब होते ना मॅडम," सर काकुळतीनं सांगत होते. "पोट्टे हरपवतात. म्या लेकरावानी जपली."

ते खरं बोलत होते, आणि धम्मदीपला त्याचाच जास्त संताप आला. माणूस चोर असता तर सोपं गेलं असतं.

छकुलीनं पट्टी पुन्हा फळ्यावर टेकवली. दोन ओळी उरल्या होत्या. मॅडमनी इकडंतिकडं पाहिलं, पण हातात खडू होता आणि सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. त्यांनी लिहिलं.

'आमचं इंग्रजी बंद करू नका. बंद केलंत, तर पुढच्या वर्षी मी पुन्हा हॅपी होईन.'

नंतर फार काही झालं नाही. मॅडम म्हणाल्या, "आम्ही वरती कळवतो." फोटोवाल्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फळ्याचे नकोत." पुढचा कार्यक्रम असल्यामुळे त्या जेवायला थांबल्या नाहीत. बनाबाईचा सत्कार राहूनच गेला. गाडी धूळ उडवत गेल्यावर धम्मदीप मंडपात आला, तर खुर्चीवर पत्रांचा गठ्ठा तसाच होता. दहा पत्रं; छकुलीचं तेवढं त्यांत नव्हतं. नीट जुळवून ठेवलेली. न्यायची राहिली होती.

त्यानं ती उचलली. त्याला कुणाला तरी शिव्या द्यायच्या होत्या, आणि तीन भाषा येत असून एकीतही पुरेशी शिवी सापडत नव्हती. छकुली पायरीवर बसून रिबिनीची घडी घालत होती. तिनं गठ्ठा बघितला. "वाचली नाहीत?"

"नाही."

तिनं मान हलवली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यानं धम्मदीपचं डोकं आणखी तापलं.

चार तारखेला सकाळी भगवानराव सर स्वतः दहावीच्या वर्गात आले. रात्रभर झोपले नसावेत. कुणी तरी त्यांना फळ्याचं भाषांतर करून सांगितलं होतं.

"तुह्याशी मी मंग बोलतो बे," ते धम्मदीपला म्हणाले. "आधी हे काम. फाइल तं तुही गेलीच समज."

त्यांनी फळा स्वच्छ पुसला आणि मराठीत अर्जाचा नमुना लिहायला घेतला. 'मी खाली सही करणार... मला इंग्रजी विषय झेपत नसल्याने, माझ्या स्वखुशीने, सदर विषयातून सूट मिळावी...' लिहून झाल्यावर हात झटकले, खुर्चीवर बसले आणि वर्गाकडे बघून हवेत पेन चालवल्याची खूण केली. उतरवा.

एकही पेन उचललं गेलं नाही. पोरं वाचत होती.

भगवानरावांनी पुन्हा खूण केली. अडतीस वर्षांत त्या शाळेत असं झालं नव्हतं. फळ्यावर मजकूर आहे आणि समोर वह्या कोऱ्या. "काऊन बे? काय झालं यायले? दिसून नाही राह्यलं काय?"

"दिसून राह्यलं सर," धम्मदीप म्हणाला.

छकुली उठली. फळ्यापाशी येऊन तिनं 'स्वखुशीने' या शब्दाखाली सावकाश एक रेघ मारली. रेघेखाली, त्या तालुक्यात कुणाचं नाही अशा अक्षरात, इंग्रजीत एकच शब्द लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"काय लिवलं तिनं?" सरांनी विचारलं.

"काऊन."

"काऊन म्हंजे?"

"काऊन म्हंजे काऊन, सर. ती विचारून राह्यली, काऊन?"

दारात बेबीताई हातातली पळी तशीच धरून उभी होती. तिला हा शब्द नवीन होता. तिनं तो नीट बघून घेतला आणि म्हणाली, "मंग सांगा ना सर. लेकरू विचारून राह्यलं तं."

भगवानरावांचा हात खिशावर गेला. पण थाप मारायच्या आधीच त्यांना कालचं पोरांचं हसणं आठवलं आणि हात तिथंच राहिला. छकुलीनं त्यांच्यापुढे खडू धरला. त्यांनी उठून तो घेतला. फळ्याची अर्धी बाजू मोकळी होती.

मग ती जागेवर जाऊन बसली. अकरा पोरांनी वह्यांची नवी पानं उघडली, समास आखले, वर तारीख घातली आणि पेनं उचलून फळ्याकडे बघत थांबली. सर जे लिहितील ते तसंच्या तसं उतरवून घ्यायला.

सर खडू हातात धरून उभे होते.